मूल 'बी'चा 'डी' करतंय, '३' उलटा काढतंय... हा डिस्लेक्सिया आहे का?

पहिलीच्या वहीत '३' उलटा फिरून '६' झालेला असतो. इंग्रजीतला छोटा 'बी' कधी 'डी' होतो, कधी 'पी'. 'जे'ची शेपटी भलतीकडेच वळलेली. आई पानाचा फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते आणि दहा मिनिटांत कुणीतरी लिहितं, "डिस्लेक्सिया असेल हो. 'तारे जमीन पर' बघितला नाही का?"

मग रात्रभर गुगल सुरू.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ही शंका जरा महागात पडते. आई-वडील दोघंही सकाळच्या लोकलने बाहेर आणि रात्री घरी. मुलाची तपासणी मुंबईत करायची म्हटलं तर दोघांपैकी एकाची रजा, मुलाची शाळा बुडणार आणि एका फेरीत काम होईलच असंही नाही. त्यामुळे घाबरायचं कधी आणि थांबायचं कधी, हे नीट माहीत असलेलं बरं.

आधी थेट उत्तर. साधारण सात वर्षांपर्यंत अक्षरं आणि अंक उलटे काढणं हा बहुतेक मुलांच्या बाबतीत शिकण्याचाच एक टप्पा असतो. फक्त उलट्या अक्षरांवरून डिस्लेक्सिया ठरत नाही. आणि ग्रुपवर सहसा कुणी न सांगणारी दुसरी गोष्ट म्हणजे, एकही अक्षर उलटं न काढणाऱ्या, वळणदार अक्षर असलेल्या मुलालाही डिस्लेक्सिया असू शकतो.

कप तो कपच, पण 'बी' तो 'डी' नाही

कपाचा कान डावीकडे असला काय आणि उजवीकडे असला काय, कप तो कपच. मांजर डावीकडून आलं किंवा उजवीकडून आलं, तरी ते मांजरच. मेंदूला हे जन्मापासून शिकावं लागतं आणि तो ते फार छान शिकतो. दिशा बदलली तरी वस्तू ओळखता येणं ही जगण्याची गरज आहे.

मग वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी आपण मुलाला सांगतो, हा नियम इथे लागू नाही. एक उभी रेघ, एक गोल. गोल उजवीकडे असेल तर 'बी', डावीकडे असेल तर 'डी'. वर-खाली फिरवला तर 'पी' आणि 'क्यू'. मुलाच्या आयुष्यातली ही पहिलीच वस्तू असते, जिची बाजू बदलली की नाव बदलतं.

फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांनी यावर बरंच लिहिलं आहे. माणूस वाचायला-लिहायला लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्या काळात वाचनासाठी मेंदूत वेगळा भाग तयार होणं शक्य नाही. म्हणून वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा अक्षरांच्या कामाला लावला जातो, असं ते म्हणतात. जुनी सवय मोडून नवी लावायला वेळ लागतो. तोवर वहीत आरसा दिसत राहतो.

यातही मुलं वाटेल ते अक्षर उलटं करत नाहीत. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ ज्याँ-पॉल फिशर यांनी पाहिलं की इंग्रजी वळणातले ३, ७ आणि 'जे', 'झेड' यांसारखी डावीकडे तोंड असलेली चिन्हं मुलं जास्त उलटी काढतात. रोमन लिपीतली बहुतेक अक्षरं उजवीकडे तोंड करून असतात. मुलानं तो नियम कुणी न सांगता पकडलेला असतो आणि तो सगळ्यांना लावून टाकतो. म्हणजे 'जे' उलटा काढणारं मूल गोंधळलेलं नसतं. ते नियम शोधत असतं, फक्त अपवाद त्याच्यापर्यंत अजून पोहोचलेला नसतो.

देवनागरीत आरसा कुठे आहे?

गंमत अशी की आपल्या लिपीत 'बी-डी'सारखी तंतोतंत आरशातली अक्षरांची जोडी नाही. एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं आहेत, घ-ध, भ-म, थ-य, ब-व. 'ख' सुटा सुटा लिहिला की 'रव' होतो. पण हे सारखेपण आहे, उलटेपण नाही.

लिपीचा आणि या सवयीचा संबंध दाखवणारा एक अभ्यास भारतातलाच आहे. ईव्ह डॅन्झिगर आणि एरिक पेडरसन यांनी १९९८ मध्ये तमिळ वाचणाऱ्या प्रौढांना आकृत्या दाखवल्या. आकृती आणि तिचं आरशातलं रूप यांना तमिळ वाचणारे लोक पटकन 'एकच' म्हणत होते. रोमन लिपी वाचणारे तसं म्हणत नव्हते. तमिळमध्ये आरशातल्या जोड्या नाहीत, त्यामुळे तो भेद करण्याची सवय डोळ्यांना लागत नाही. चांगली वाचणारी मोठी माणसं होती ती. त्यांना कुणी डिस्लेक्सिया म्हटलं नाही.

मराठी माध्यमात महाराष्ट्रात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. म्हणजे मूल एकाच वर्षी दोन लिप्या शिकतं, एकीत आरसा फारसा नाही आणि दुसरीत तो पावलोपावली आहे. इंग्रजी माध्यमातलं मूल हाच प्रवास उलट्या बाजूने करतं.

पण मराठीत आरसा अजिबातच नाही असंही नाही. तो मात्रांमध्ये लपलाय. पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी शेजारी ठेवून बघा. एक अक्षराच्या डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्हींचे फराटे एकमेकांकडे वळलेले. 'पिशवी' या एका शब्दात मुलाला दोन्ही लागतात. त्यातही पहिल्या वेलांटीत आणखी एक पेच आहे. ऐकताना 'प' आधी आणि 'इ' नंतर, लिहिताना मात्र वेलांटी आधी. रफाराचं तर विचारूच नका. 'दर्शन'मध्ये 'र' उच्चारतो 'श'च्या आधी आणि बसवतो 'श'च्या डोक्यावर. मूल 'द्रशन' लिहितं तेव्हा ते ऐकू आलेला 'र' कुठे ठेवायचा याची जागा शोधत असतं. (हाच 'द्रशन' काही दुकानांच्या पाट्यांवरही सापडतो, आणि त्या पाट्या मोठ्या माणसांनी रंगवलेल्या असतात.)

ह्रस्व-दीर्घाच्या चुका तर यातून सरळ बाजूला काढा. आजच्या बोलण्यात आपण 'इ' आणि 'ई' वेगळे उच्चारतोच कुठे? कानाला फरक कळत नसेल तर वहीत तो आपोआप येणार नाही. तो लक्षात ठेवावा लागतो, आणि पदवीधरांनाही तो राहत नाही.

अंकांचं प्रकरण वेगळं. देवनागरी '३' आणि '६' जवळपास एकमेकांचे आरसे आहेत. शिवाय मराठीत दोन अंकी संख्या आपण उलट्या क्रमानेच म्हणतो. 'एकवीस'. आधी एक, मग वीस. ऐकलं त्या क्रमाने लिहिलं की '१२'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विधिमंडळापासून मीम्सपर्यंत सगळीकडे थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर तेव्हा सांगत होत्या की जोडाक्षरं असलेले शब्द आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं अडखळतात, त्यांना एक सोपी वाट द्यावी. भाषा बिघडते का, हा वाद वेगळा. पण अडचण खरी होती. जर्मन भाषेतही संख्या अशाच उलट म्हणतात, आणि जर्मन बोलणाऱ्या मुलांवरच्या अभ्यासात अंकांच्या अदलाबदलीची हीच चूक ठळकपणे दिसली आहे.

तेव्हा दुसरीतल्या मुलानं एकवीसला १२ लिहिलं, तर आधी त्याला ती संख्या मराठीत सांगितली होती की इंग्रजीत, हे विचारा.

उल्हासनगरमध्ये आजोबा उजवीकडून वाचायचे

डावीकडून उजवीकडे लिहायचं हा निसर्गाचा नियम नाही, हे उल्हासनगरइतकं चांगलं कुठलं शहर सांगणार? फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये सिंधी निर्वासितांना वसवलं गेलं आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. 'कॅम्प एक' ते 'कॅम्प पाच' ही नावं तिथूनच आली. सिंधमधून शिकून आलेली पिढी अरबी वळणाच्या सिंधी लिपीत वाचायची. ५२ अक्षरं आणि ओळ उजवीकडून डावीकडे. काही घरांत धार्मिक वाचन गुरुमुखीतून, आणि गुरुमुखीतला 'स' आपल्या 'म'सारखा दिसतो. भारतात सिंधी देवनागरीतही लिहिली जाते. त्याच घरातला नातू आता इंग्रजी शाळेत 'बी' आणि 'डी' गिरवतोय.

म्हणजे एकाच छताखाली दोन दिशा आणि तीन-चार लिप्या. यामुळे डिस्लेक्सिया होतो का? नाही. अरबी, हिब्रू, चिनी अशा कितीतरी वेगवेगळ्या लिप्या वाचणाऱ्यांमध्ये डिस्लेक्सिया सापडतो. लिपी तो निर्माण करत नाही. घरात दोन-तीन भाषा बोलल्यानेही तो होत नाही. 'घरी सिंधी किंवा मराठी बोलू नका, फक्त इंग्रजी बोला' हा सल्ला कुणी या कारणासाठी देत असेल, तर त्याला आधार नाही.

मात्र जास्त लिप्या शिकणाऱ्या मुलाला जास्त वेळ लागतो, हे साधं गणित शिक्षक आणि पालक विसरतात. बाराखडी धरली तर देवनागरीत जवळपास चारशे अक्षररूपं होतात, जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजीत अक्षरं २६. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा अक्षरांचा पूर्ण संच हाताखाली यायला चौथी-पाचवी उजाडते असं दिसलं. कन्नड लिपीची बांधणी आपल्यासारखीच आहे. अमेरिकन वेबसाइटवरचा 'पहिलीच्या शेवटी मुलाला काय यायला हवं' हा तक्ता इथे जसाच्या तसा लावून उपयोग नाही.

मग उलटी अक्षरं आणि डिस्लेक्सिया ही जोडी जमली कशी?

जुनी आहे ही जोडी. १८९६ मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या हुशार मुलाबद्दल लिहिलं, जो स्वतःचं नाव 'प्रेसी' असं लिहायचा. १९२५ मध्ये अमेरिकेतले सॅम्युअल ऑर्टन यांनी मांडलं की मेंदूच्या दोन अर्ध्यांमध्ये अक्षराच्या सुलट आणि उलट अशा दोन प्रतिमांची स्पर्धा होते आणि त्यातून मुलं उलटं वाचतात. कल्पना आकर्षक होती. ती लोकांच्या डोक्यात पक्की बसली.

पुढे ती टिकली नाही. १९७० च्या दशकात फ्रँक वेल्युटिनो यांनी वाचनात मागे असलेल्या आणि चांगलं वाचणाऱ्या अशा दोन्ही गटांतल्या मुलांना हिब्रू अक्षरं आठवून काढायला सांगितली. दोघांनाही हिब्रू येत नव्हतं. निकाल सारखाच आला. जर मागे असलेल्या मुलांना अक्षरं उलटीच 'दिसत' असती, तर ती इथेही मागे पडली असती. अडचण डोळ्यांत नव्हती. अक्षराला त्याचा आवाज चिकटवण्यात होती.

आपल्याकडे २१ डिसेंबर २००७ ला 'तारे जमीन पर' आला. ईशानच्या वहीतली उलटी अक्षरं आणि पानावर नाचणारी अक्षरं सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्या सिनेमाने जे केलं ते कुठल्याही सरकारी मोहिमेला जमलं नसतं. 'ढ', 'आळशी' म्हणून मार खाणाऱ्या मुलांकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले. पण पडद्यावर आवाजाचा गोंधळ दाखवता येत नाही, उलटं अक्षर दाखवता येतं. त्यामुळे लक्षात राहिलं ते तेवढंच.

काळजी कधी करायची

डिस्लेक्सियामध्ये मुलाची बुद्धी ठीक असते, डोळे-कान ठीक असतात, शिकण्याची संधी मिळालेली असते, तरीही वाचन-लेखन वयाच्या मानाने खूप मागे राहतं आणि साध्या सरावाने भरून येत नाही. शाळकरी मुलांमध्ये शिकण्याच्या अशा विशिष्ट अडचणींचं, म्हणजे वाचन, लेखन आणि गणित धरून, प्रमाण जगभरात ५ ते १५ टक्के मानलं जातं. आई, वडील किंवा भावंडाला ही अडचण असेल तर शक्यता वाढते.

खुणा बऱ्याचदा वहीपेक्षा कानाशी आणि जिभेशी असतात. शब्दांच्या भेंड्या घ्या. मोठ्या गटातल्या, पहिलीतल्या मुलाला 'कमळ'चं शेवटचं अक्षर सांगता येतं का? 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'गाडी'सारखा ऐकू येणारा शब्द कोणता? बहुतेक मुलं थोड्या सरावाने हे खेळतात. ज्याला महिनोन्‌महिने हे जमत नाही, जे बोलायलाही उशिरा लागलं होतं, त्याच्याकडे लक्ष ठेवा, मग त्याचं अक्षर कितीही सुलट असो.

तिसरीत पोहोचल्यावर चित्र स्पष्ट होतं. मूल अजून एकेक अक्षर फोडून वाचतं आणि शब्दाच्या शेवटापर्यंत पोहोचताना सुरुवात विसरतं. पहिलं अक्षर बघून 'बदक'चा 'बटाटा' करतं. मात्रा गाळतं, जोडाक्षर आलं की थबकतं. वरच्या ओळीत वाचलेला शब्द खालच्या ओळीत ओळखत नाही. फळ्यावरून उतरवून घेताना दर वेळी शेवटी राहतं. तोंडी विचारलं तर धडा घडाघडा सांगतं आणि पेपर मात्र कोरा. वाचनाच्या तासाला हटकून पोट दुखतं. यातल्या बऱ्याच गोष्टी एकत्र आणि सतत दिसत असतील, तर 'मोठा झाला की होईल सगळं' म्हणून वाट पाहू नका. आठ वर्षांनंतरही 'बी-डी'चा गोंधळ वारंवार होत असेल तर तोही यात जोडा. एकटा असेल तर मात्र तो अजूनही पुरावा नाही.

आणि एक कटू गोष्ट. वाचता न येणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सिक नसतं. 'असर' या पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतात पाचवीच्या मुलांपैकी फक्त ४२.८ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला होता. उरलेल्या सगळ्यांना डिस्लेक्सिया आहे असं कुणी म्हणणार नाही. कोविडमध्ये बुडालेली शाळा, गच्च भरलेला वर्ग, घरात पुस्तक नसणं, चष्म्याचा नंबर कुणी न तपासणं, ही कारणं आधी बाजूला काढावी लागतात.

कुठे जायचं, आणि कधी

सुरुवात इथेच करता येते. आधी डोळे आणि कान. बालरोगतज्ज्ञांकडे किंवा उल्हासनगर-३ मधल्या मध्यवर्ती रुग्णालयात. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तपासणीला येतात. त्यांच्या यादीत शिकण्याच्या अडचणीही आहेत, फक्त ते आले की शिक्षकांनी मूल दाखवायला हवं.

चाचणी मुलाला शिकवल्या जाणाऱ्या भाषेत व्हायला हवी. मराठी माध्यमाच्या मुलाची फक्त इंग्रजीतून परीक्षा घेतली तर ते इंग्रजी न येण्याचं मोजमाप ठरेल. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरमध्ये नंदिनी चटर्जी सिंग यांच्या गटाने 'डाली' नावाची चाचणी तयार केली आहे. ती हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि मराठीत, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. मुलाची चाचणी कुठेही करणार असाल, तर मराठीत कोणती चाचणी वापरता हे बिनधास्त विचारा.

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेने तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी प्राथमिक पाहणी करावी. प्रमाणपत्र आठ वर्षांआधी मिळत नाही, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. म्हणून सहा वर्षांच्या मुलाचं 'डिस्लेक्सिया सर्टिफिकेट' करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा. मदत मात्र आठ वर्षांपर्यंत थांबवायची नसते. अक्षर आणि आवाज जोडणारा सराव सहाव्या वर्षीही सुरू करता येतो, आणि ज्याला डिस्लेक्सिया नाही त्याचंही त्याने काही बिघडत नाही.

पैसे जातात ते इतर ठिकाणी. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया बरा होत असल्याचा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्रित निवेदनात सांगितलं. 'मिड ब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या वर्गांबद्दल तर बोलायलाच नको. 'बी' शंभर वेळा लिहून घेणं फुकट असतं, पण उपयोग तेवढाच. त्याऐवजी 'बी' पक्का होईपर्यंत 'डी' शिकवूच नये. दोन्ही एकाच दिवशी शेजारी-शेजारी शिकवले की गोंधळ आपणच लावून देतो.

प्रमाणपत्रासाठी मात्र बहुतेकांना मुंबईची वाट धरावी लागते. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर इथले विभाग या कामासाठी ओळखले जातात. बदलापूरहून शीव म्हणजे कुर्ल्याला उतरून स्लो लोकल, आणि घरापासून धरलं तर दीड तासाच्या आसपास. खासगी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल शिकवणीची दिशा ठरवायला उपयोगी पडतो, पण राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना सूट अशा सवलती हव्या असतील तर सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात या सवलती १९९६ पासून आहेत. तरी दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की धावपळ करणारे पालक कमी नाहीत, आणि तोवर मुलाची सहा-सात वर्षं 'लक्ष देत नाही' हे ऐकण्यात गेलेली असतात.

जाताना आधार कार्ड, डोळे-कान तपासणीचे कागद, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शिक्षकांचं पत्र आणि मुलाच्या भाषा व गणिताच्या वह्या सोबत ठेवा. वह्या निवडून, नीटनेटक्या नेऊ नका. खाडाखोडीची, अर्धवट सोडलेली पानंच तिथे जास्त कामाची असतात.